बिनठिगळाचा दगड

१

पाथरवटाला एकच गर्व होता, पण तो चांगला खाऊनपिऊन पोसलेला होता. तीस वर्षांत त्याने कोरलेल्या एकाही दगडावर ठिगळ नव्हतं. ठिगळ म्हणजे काय, तर अक्षर चुकलं की तेवढा चौकोन खरवडून काढायचा, त्यात दुसरा तुकडा बसवायचा, सांध्यात भुकटी चिकटवायची आणि वरून बरोबर अक्षर कोरायचं. तासा-दोन तासांचं काम. दुरून कळत नाही. जवळून मात्र आंधळ्यालाही कळतं, असं पाथरवट म्हणायचा आणि हे म्हणताना हटकून दुसऱ्या कुणाच्या तरी दगडाकडे बोट दाखवायचा.

गावाबाहेर जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर त्याचे एक्केचाळीस दगड उभे होते. ही मास्तरांची कृपा. मास्तर शाळेतून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी इतिहास मंडळाचे अध्यक्ष झाले. मंडळात त्यांच्याशिवाय कोण होतं, हे कुणाला ठाऊक नव्हतं. इथे पहिली गिरणी होती, इथे आग लागून बाजार जळाला, या झाडाखाली पहिली शाळा भरली, असे दगड त्यांनी रस्ताभर पेरले होते. मास्तरांसमोर कुणी ठेचकाळू नये, उद्या तिथे दगड उभा राहील, असं लोक म्हणायचे. मास्तरांच्या कानावर ते जायचं आणि त्यांना बरंच वाटायचं.

बेचाळिसावा दगड पुलाजवळचा. मास्तरांनी मजकूर लिहून, सही करून आणून दिला. सहीच्या कागदाशिवाय पाथरवट छिन्नीला हात लावत नसे. मग त्याने आपल्या पद्धतीने काम केलं. ती पद्धत अशी: सगळा मजकूर आधी खडूने आखायचा आणि कोरायचा मात्र उलटा. शेवटच्या ओळीचं शेवटचं अक्षर आधी, मग त्याच्या आधीचं, असं करत पहिल्या शब्दापर्यंत यायचं. त्यामुळे टेकलेल्या हाताने पुढचा खडू पुसला जात नाही आणि दुसरं म्हणजे डोळा वाचत नाही. "वाचलं की हात चुकतो," तो म्हणायचा. "आपण अक्षराचे चाकर. अर्थाशी आपल्याला काय करायचंय?"

नऊ दिवस त्याने तो दगड कोरला आणि त्यावर काय लिहिलंय ते वाचलं नाही.

२

अनावरणाला पन्नास-साठ माणसं जमली होती. मास्तरांनी कापड ओढलं आणि मजकूर खड्या आवाजात वाचला. त्यांना लिहिण्यापेक्षा वाचण्याचीच हौस जास्त.

नऊ जीव येथे बुडाले.
होडी भरलेली होती, नदीही भरलेली होती.
पुढच्याच वर्षी हा पूल झाला.
वाटसरू, क्षणभर थांब आणि वाच.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, मग बुडालेल्यांसाठी टाळ्या बऱ्या दिसत नाहीत हे लक्षात येऊन थांबवल्या. पाथरवट अक्षरांची सफाई बघत होता. त्याची बायको त्याच्या शेजारी उभी होती. तिने त्याची बाही ओढली.

"अहो, आठ."

"काय आठ?"

"आठ बुडाले. नववी मी."

 हे पाथरवटाला ठाऊक होतं. लग्न होऊन पंचवीस वर्षं झाली होती आणि तिने हे त्याला दोनदा सांगितलं होतं. सहा वर्षांची असताना ती आईबरोबर त्या होडीत होती. आई गेली. ती दुसऱ्या दिवशी खालच्या अंगाला लव्हाळ्यांत सापडली, जिवंत. तोवर वर्तमानपत्राने नऊ छापून टाकले होते. एक परत आली, हे छापायला कुणाला सवड झाली नाही आणि मास्तरांनी नेमकं ते जुनं वर्तमानपत्र शोधून काढलं.

घरी जाताना ती हसली. "म्हणजे पंचवीस वर्षं तुम्ही बुडालेल्या बाईशी संसार केलात म्हणायचं!"

तोही हसला. हसण्यावारी गेलं म्हणून त्याला केवढं हायसं वाटलं. चूक सुधारायची म्हणजे पहिल्याच ओळीत, पहिल्याच शब्दावर ठिगळ. अगदी कपाळावर. एका आकड्याने काय आभाळ कोसळतंय, असं त्याने स्वतःला समजावलं आणि विषय मिटवला.

३

बायको शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत खिडकीपाशी तिचं पायाचं मशीन, शेजारी खुंट्यांवर लोकांचे कपडे आणि प्रत्येक कपड्याला टाचणीने लावलेली एक चिठ्ठी. कुणाचा कपडा, काय करायचं. "बाही एक बोट आखूड." "कंबर सैल, रागावते, जपून बोलणे." शेजाऱ्यापाजाऱ्यांना या चिठ्ठ्या वाचायची फार हौस होती. सकाळपासून मशीनची घरघर सुरू झाली की पाथरवटाला घर जागेवर आहे असं वाटायचं.

अनावरणाला पंधरवडा झाला असेल. तो जेवायला घरी आला तेव्हा मशीनवर तिचाच झगा होता.

"स्वतःसाठी कधीपासून शिवायला लागलीस?"

"शिवत नाही, दुमडतेय. सगळे पायांत येतायत. दोन बोटं."

"धुऊन सैल झाले असतील."

"सगळे? एकदम?" तिने दातांनी दोरा तोडला. "आणि धुऊन कपडा आटतो हो. वाढलेला मी तरी बघितला नाही."

पाथरवट म्हणाला, पन्नाशी जवळ आली की माणूस आखडतंच. त्याची आई शेवटी शेवटी केवढीशी झाली होती. हे त्याने अशा सुरात सांगितलं की बायकोने मान डोलावली.

चार दिवसांनी मशीनची घरघर तुटक यायला लागली. घरघर, थांबली, घरघर, थांबली. त्याने डोकावून पाहिलं. ती खुर्चीच्या अगदी कडेला सरकून बसली होती आणि पाय लांब करून टाचेऐवजी चवड्याने मशीनचा पायटा हलवत होती. खुर्चीखाली फरशी ओली होती.

"पाणी सांडलंय," तो म्हणाला.

"हो ना," ती म्हणाली आणि तिने वर पाहिलं नाही.

त्याने पायट्याला एक लाकडी फळी ठोकून दिली, म्हणजे पाय पुरेल. फळी छान बसली. आपण एक अडचण सोडवली याचं त्याला समाधान वाटलं. देवाने अशा नवऱ्यांना हात चांगले दिले आणि तेवढ्यावरच आटोपतं घेतलं.

४

एका दुपारी तो जेवत होता आणि ती वाढत होती. मधेच तिचा हात थांबला. तिने दोन्ही पावलं एकमेकांवर घासली.

"आज पुलाकडे शाळेची सहल आली होती का?"

"मला काय माहीत?"

"पुष्कळ मुलं असणार. सगळ्यांनी मोठ्याने वाचलं."

"काय वाचलं?"

"तुमचा दगड." ती शांतपणे म्हणाली. "कुणी वाचलं की मला कळतं. पायाला गार लागतं, खालून वर चढत येतं. एखाद्या गाडीवाल्याने मनात वाचलं तर थोडंसं. आज केवढं चढलं! कमरेपर्यंत."

पाथरवट म्हणाला, पायांना मोजे घाल.

पण संध्याकाळी तो मास्तरांकडे गेला आणि सहज विचारतोय असं दाखवून विचारलं. मास्तर खुलले. हो तर, साठ मुलं! दोन रांगांत उभी केली होती आणि एका सुरात वाचून घेतलं. "इतिहास असा पाठ झाला पाहिजे," मास्तर म्हणाले. "पुढच्या सोमवारी दुसरी शाळा येतेय."

तेव्हाच त्याने मास्तरांना आकड्याचं सांगितलं. मास्तरांनी चष्मा पुसला, कपाट उघडलं, पिवळं पडलेलं वर्तमानपत्र त्याच्यासमोर पसरलं आणि त्यावर बोट ठेवलं.

"नऊ. छापलेलं आहे."

"पण माझी बायको..."

"अहो, वहिनींबद्दल मला आदर आहे. पण वहिनी म्हणजे पुरावा नव्हे." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "तुम्हाला एवढंच वाटत असेल तर लावा एक ठिगळ. मी सही देतो. कोण बघतंय?"

"माझ्या दगडावर ठिगळ?" पाथरवट ताडकन उठला. "मेलो तरी नाही."

जाता जाता त्याने पुलाजवळच्या दगडावर एक गोणपाट टाकलं आणि दोरीने बांधलं. त्या रात्री बायको गाढ झोपली. सोमवारच्या आत मास्तरांनी गोणपाट काढून टाकलं होतं. इतिहास झाकायचा नसतो, असा निरोपही पाठवला. पाथरवटाला पुन्हा बांधता आलं असतं. पण रस्त्यावरचे दोघेतिघे विचारून गेले होते, काय हो, अक्षर फसलं की काय? ते त्याच्या फार जिव्हारी लागलं.

५

मग ती विसरायला लागली. आणि विसरणंही धड नव्हतं. लोक जुनं विसरतात, हिचं ताजं आधी जायला लागलं.

आधी अनावरण गेलं. मग गेल्या वर्षी बदललेला नळ गेला. ती जुन्या नळाच्या जागी भिंतीवर हात फिरवत उभी राहायची. मग एक दिवस शेजारच्या म्हातारीला डबा द्यायला निघाली. ती म्हातारी जाऊन सात वर्षं झाली होती. पाथरवटाने सांगितलं तेव्हा बायको पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा भरला.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. रक्तात काहीतरी कमी आहे, या वयात होतं, असं सांगितलं. उंचीचं पाथरवटाने विचारलं तेव्हा डॉक्टर हसले. "पाठ ताठ ठेवायला सांगा."

पाठ ताठच होती. भिंतीला टेकून उभी राहिली तरी तिचं डोकं आता त्याच्या खांद्याखाली येत होतं. मधल्या दाराच्या चौकटीवर त्याला पेन्सिलीच्या रेघा दिसल्या. ज्या घरात मुलं असतात तिथे अशा रेघा असतात, शेजारी तारीख आणि मूल वाढेल तशी रेघ वर चढते. या घरात मूल झालं नव्हतं. या रेघा तिच्या अक्षरातल्या तारखांसकट खाली उतरत होत्या. सोमवारच्या रेघेत आणि तिच्या आधीच्या रेघेत चांगलं वीतभर अंतर होतं.

त्याने ओल्या फडक्याने रेघा पुसायला घेतल्या.

"राहू द्या," ती मागून म्हणाली. "मला सकाळी उठल्यावर बघायला लागतं, कुठवर आलेय ते."

तिचा आवाज बारीक येत होता. पाथरवटाने फडकं खाली ठेवलं. तेव्हा त्याला भीती वाटली. खरीखुरी. पण त्याने ती बोलून दाखवली नाही. बोललं की करावं लागतं.

६

ज्या दिवशी तो नेहमीप्रमाणे आतल्या खोलीत शिरला आणि तिने चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली, त्या दिवशी मात्र त्याला राग आला.

"तुम्ही बाहेर थांबा ना," ती म्हणाली. लाजून नव्हे, घाबरून.

"अगं, मी आहे!"

ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. गर्दीत ओळखीचा चेहरा शोधावा तसं बघत होती. मग हळूच म्हणाली, "हो. तुम्ही. आपलं लग्न झालंय." जणू कुणी तिला ते शिकवलं होतं आणि ती म्हणून दाखवत होती.

मग तिने बाहेर येऊन त्याला समोर बसवलं. खुर्चीवर ती चढूनच बसली. पाय जमिनीपासून वर होते आणि टाचांवरून पाणी ठिबकत होतं. दोघांनीही ते न पाहिल्यासारखं केलं.

"आज माझं डोकं ठिकाणावर आहे. उद्याचं सांगता येत नाही," ती म्हणाली. "म्हणून नीट ऐका. तो आकडा बदला."

"बदलतोच. मी ठरवलंय."

"ठिगळ लावा."

त्याने नखांतली दगडाची भुकटी काढायला घेतली.

"अहो, मी जन्मभर ठिगळं लावली. लोकांची अब्रू मी ठिगळं लावून झाकली. एकाने मागे वळून पाहिलं नाही. ठिगळ लावायला कसली लाज? लावा. पण आज लावा."

"आज अंधार पडेल."

"मग उद्या सकाळी."

"हे बघ," तो तिच्याजवळ सरकला आणि ती जराशी मागे सरकली, "ठिगळ म्हणजे कच्चं काम. पावसाळ्यात सांधा सुटला, तुकडा गळून पडला, तर? मग पुन्हा तेच. तुझ्याच बाबतीत मी कच्चं काम करू? नवाच दगड कोरतो. अख्खा. तोलामोलाचा. एकदाचा बसवला की शंभर वर्षं कुणी हलवायला नको."

हे बोलताना त्याचं त्यालाच इतकं पटलं की डोळे भरून आले. प्रेम आणि गर्व एकाच भांड्यात शिजले की कशाची चव कुठली, ते शिजवणाऱ्यालाही कळत नाही.

"किती दिवस?"

"आठ. फार तर नऊ."

ती आकडा ऐकून हसली. तिचे पुढचे दोन दात पडले होते. त्याने नजर वळवली.

"बरं," ती म्हणाली. "तुम्हाला येतं तसं करा." आणि टाचणीचा डबा ओढून ती चिठ्ठी लिहायला बसली. कुणाच्या कपड्याची ते त्याने विचारलं नाही.

७

मास्तरांनी सही दिली. अट एकच, चौथरा एक दिवसही रिकामा राहता कामा नये. नवा दगड तयार झाला की जुना काढायचा, तोवर जुना उभा. पाथरवटाला ती अट योग्यच वाटली.

तो उजाडताच कारखान्यात जायचा. दगड निवडण्यात एक दिवस गेला, घोटण्यात दोन. मग खडूची आखणी. मग कोरणं, नेहमीच्याच पद्धतीने, शेवटून. "आणि वाच"चा शेवटचा च आधी. एकदा त्याच्या मनात आलं होतं की या वेळी पहिला शब्द आधी कोरावा, तो आकडा एकदाचा दगडात उतरवावा. पण खडू पुसला गेला असता. ओळ वाकडी गेली असती. तीस वर्षांची पद्धत एका दिवसासाठी मोडायची म्हणजे हाताची सवय बिघडते.

दुपारी तो घरी जेवायला जाईना. शेजारीण डबा आणून द्यायची.

"मशीनचा आवाज येत नाही हो तुमच्याकडून," पाचव्या दिवशी ती म्हणाली. "माझा झगा पडलाय तिथे. दार वाजवलं तर आतून कुणीतरी विचारतं, कोण. मी सांगते. तर म्हणे, घरात मोठं कुणी नाही. कोण पाहुणी आलीय?"

"भाची," पाथरवट म्हणाला. त्याला भाची नव्हती.

त्या रात्री तो घरी गेला तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून झोपलेली होती. पांघरुणाखाली अगदी थोडी जागा व्यापली होती. उशी भिजली होती. त्याने दिवा लावला नाही. कडेला बसून तो म्हणाला, "झालंच हं. दोन ओळी राहिल्या."  पांघरुणातून फक्त श्वास येत होता, लहान आणि भराभर.

सातव्या दिवशी एकच शब्द उरला. आठ. उलटं कोरायचं म्हणजे ठ आधी, आ शेवटी.  ठ हे पाथरवटाचं जुनं दुखणं. पूर्ण गोल अक्षर, दगडात गोल फिरवणं सगळ्यात कठीण. त्याने तो कोरला, मग आ कोरला आणि मागे सरकून पाहिलं. डाव्या अंगाला ठचा गोल किंचित दबला होता. दुसऱ्या कुणाला दिसला नसता. मास्तरांनाही नाही. हमाल दुपारपासून बाहेर गाडी लावून बसले होते. तेव्हाच दगड नेला असता तर पुलाजवळ ऊन असतानाच बसला असता.

"उद्या सकाळी या," पाथरवट हमालांना म्हणाला.

आणि तो गोल घोटत बसला.

८

सकाळी त्याने पुलाजवळचा जुना दगड पहारीने हलवला. दगडाच्या बुडाशी माती चिंब होती. सहा आठवड्यांत पाऊस पडला नव्हता. दगड आडवा झाला तेव्हा पाथरवटाने आधी नऊवर हातोडा घातला. तीन घावांत शब्द फुटला. स्वतःचं अक्षर त्याने पहिल्यांदाच फोडलं आणि त्याचं त्याला काहीच वाटलं नाही.

नवा दगड चौथऱ्यावर चढला. मास्तर आले होते. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं, बोट फिरवलं, मान डोलावली.

"काय गोल आहे हो ठ! वा! ठिगळाचं नावसुद्धा नाही."

पाथरवटाची छाती फुगली. मग मास्तरांनी खड्या आवाजात वाचलं: "आठ जीव येथे बुडाले." वारा सुटला होता. पाण्यावर काही हललं नाही. चौथऱ्याभोवतीची माती बघता बघता फिकी पडत गेली, सुकत गेली.

झालं. वाचली. पाथरवटाने आयुष्यात पहिल्यांदा स्वतः कोरलेलं स्वतः वाचलं, दोनदा वाचलं आणि हातातली पहार तिथेच टाकून तो घराकडे धावत सुटला. पन्नाशी उलटलेला माणूस असा धावताना बघून रस्त्यावरची माणसं थांबली.

९

"अगं, झालं! आठ झालं!" दारातूनच तो ओरडला.

पुढच्या खोलीत ऊन आलं होतं. खुंट्यांवरचे कपडे तसेच होते. फरशीवर ओली पावलं उमटली होती, आतल्या खोलीतून मशीनपर्यंत. त्याच्या तळहाताएवढी पावलं. शेवटची दोन कोरडी होत आली होती.

चौकटीवरच्या रेघा त्याने पाहिल्या. त्या त्याच्या छातीवरून पोटावर उतरल्या होत्या. परवापर्यंतच्या तारखा वळणदार होत्या. कालची तारीख गिरवून गिरवून काढली होती, एक आकडा उलटा. शेवटची रेघ त्याच्या कमरेशी होती. तिच्यापुढे काहीच लिहिलेलं नव्हतं.

त्या रेघेखाली नवी रेघ नव्हती. काम पक्कं झालं होतं. जिथे होतं तिथेच थांबलं होतं.

मशीनची खुर्ची त्याच्याकडे पाठ करून होती. पाठीवरून वर कुणाचं डोकं दिसत नव्हतं. खाली बायकोचा निळा झगा फरशीवर पसरला होता आणि त्याच्या घडीतून दोन पाय लोंबत होते. एक पाय हलत होता, मागे-पुढे, मागे-पुढे. त्याने ठोकून दिलेल्या फळीपर्यंतही तो पोचत नव्हता.

झग्याच्या खांद्याशी टाचणीने चिठ्ठी लावलेली होती. अक्षर बायकोचं, धड असतानाचं, नीट आणि स्वच्छ. तो वाकला. वाचायला त्याला फार वेळ लागला.

"ही मीच. रागावू नये, ओळखणार नाही. आईचं विचारेल. खरं सांगू नये."

पाय हलायचा थांबला.

"काका," खुर्चीतून आवाज आला, "माझी आई आली का?"

पाथरवटाचे हात भुकटीने पांढरे झाले होते. त्याने ते कपड्यांना पुसले. पुन्हा पुसले.

"येईल," तो म्हणाला.

"ती माझ्या मागेच होती."

"हो. येईल हं."

तेवढ्याने समाधान झालं. पाय पुन्हा हलायला लागला. झग्याच्या लांबलचक बाहीतून एक हात बाहेर आला, मशीनच्या फळीवर चाचपडला आणि त्याने मोजायची पट्टी उचलली. ती बोटांना गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत तिने थोडा वेळ खोली बघितली असावी. खुंट्या, कपडे, दोन खुर्च्या.

मग पाहुण्या मुलांना शिकवलेलं असतं त्या सुरात तिने विचारलं, "काका, तुमच्या घरी कोण कोण असतं?"